सातारा जिल्हा : सडे, जलाशय आणि उद्याने

मुंबई-पुण्याच्या रहिवाशाला उद्यान म्हटले की फाटक, बाके, कारंजे आणि वेळापत्रकाची पाटी आठवते. सातारा जिल्ह्यात अशी उद्याने थोडीच आहेत. येथे सार्वजनिक विहाराची जागा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा सडा, धरणाचा काठ, किल्ल्याची वाट आणि नदीचा घाट. यांपैकी काही जागा वनखात्याच्या ताब्यात, काही नगरपालिकांच्या, काही पाटबंधारे खात्याच्या, तर काही नुसत्या गावच्या वहिवाटीच्या आहेत. जागा कोणाची आहे, यावरच तेथे जाण्याचे नियम ठरतात आणि पर्यटकांचे बरेचसे गैरसमज नेमके येथूनच सुरू होतात.

जिल्ह्याचे अकरा तालुके. पश्चिमेस महाबळेश्वर, जावळी व पाटण हे सह्याद्रीच्या माथ्याला टेकलेले, तर पूर्वेस माण व खटाव हे कायम पावसाच्या प्रतीक्षेत असलेले. महाबळेश्वरास वर्षाकाठी सरासरी साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. शंभरेक किलोमीटर पूर्वेला माणदेशात तोच पाचशेच्या आसपास येतो. एकाच जिल्हाधिकाऱ्याच्या अखत्यारीत इतका फरक महाराष्ट्रात फार ठिकाणी सापडणार नाही. त्यामुळे जुलैत कास ओलेचिंब असताना म्हसवडच्या बाजूला धूळ उडत असते.

कासचा सडा

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून पश्चिमेला सुमारे २५ किलोमीटर गेले की समुद्रसपाटीपासून बाराशे मीटरांच्या आसपास उंचीवर कासचे पठार लागते. कासा नावाच्या वृक्षावरून गावाला आणि पठाराला हे नाव पडले, असे मानले जाते. खाली काळा बेसॉल्ट, त्यावर जांभा खडकाचा पत्रा आणि त्या पत्र्यावर जेमतेम काही सेंटिमीटर माती, अशी या पठाराची घडण आहे. एवढ्याशा मातीत मोठी झाडे मुळे धरू शकत नाहीत. एप्रिल-मे महिन्यांत आलेल्या माणसाला येथे करपलेल्या गवताखेरीज काही दिसत नाही आणि 'हेच का ते कास?' असे तो विचारतो. पावसाळ्यात मात्र जांभ्याच्या खळग्यांत पाणी साचते आणि त्या चिखलात, ओलाव्यात, खडकाच्या भेगांत साडेआठशेहून अधिक जातींच्या सपुष्प वनस्पती आपापल्या वेळी उगवतात, फुलतात आणि बी टाकून संपतात.

ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत हा बहर शिगेला असतो. गेंदाचे पांढरे गोंडे, तेरड्याचा गुलाबी रंग, सोनकीचा पिवळा आणि 'सीतेची आसवे' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वनस्पतीचा निळसर जांभळा, असे पट्टे आठवड्या-आठवड्याला बदलत जातात. ही सीतेची आसवे दिसायला नाजूक असली तरी वनस्पती कीटकभक्षी आहे. या मातीत नत्राची चणचण असल्याने ती सूक्ष्म जीव पकडून आपली गरज भागवते. दवबिंदू ही दुसरी कीटकभक्षी वनस्पतीही येथे आहे. तिच्या पानांवरचे चिकट थेंब उन्हात दवासारखे चमकतात, म्हणून हे नाव. मुले ज्याला 'मिकी माऊस' म्हणतात ते दोन लाल ठिपक्यांचे पिवळे फूल, सखल तळ्यातली पांढरी कुमुदिनी, चवर, कंदीलपुष्पांच्या जाती आणि जमिनीवर वाढणारी हबेनारिया वंशातील आमरी, ही यादी लांबविता येईल. एका वनस्पतीचा उल्लेख मात्र टाळता येत नाही. ती म्हणजे वायतुरा. पाणथळीत वाढणाऱ्या या वनस्पतीचा तुरा दोन फाट्यांचा, इंग्रजी वाय अक्षरासारखा असतो. १९८२ साली तिची शास्त्रीय नोंद झाली, तेव्हा तिच्या शास्त्रीय नावात साताऱ्याचे नाव घालण्यात आले. टोपली कारवीचा बहर सात वर्षांतून एकदाच येतो. त्या वर्षी डोंगरउतार निळा-जांभळा होतो आणि साताऱ्यात राहण्याची खोली मिळेनाशी होते.

जुलै २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक नैसर्गिक वारशाचा दर्जा दिला. महाराष्ट्रातील चार स्थळे त्यांत आहेत : कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. त्यांपैकी कास व कोयना पूर्णपणे सातारा जिल्ह्यातच येतात. या मान्यतेच्या आधीच छायाचित्रांमुळे कासची कीर्ती पसरली होती. सुट्टीच्या दिवशी मोटारींची रांग घाटाखालपर्यंत लागे, गाड्या सड्यावर उभ्या राहत आणि ज्यांची छायाचित्रे काढायची त्यांच्यावरच माणसे आडवी होत. पुढे वनखात्याने आजूबाजूच्या गावांच्या संयुक्त वनव्यवस्थापन समित्यांच्या हाती कारभार दिला. कास, आटाळी, एकीव, कासाणी यांसारख्या गावांतील तरुण-तरुणी हंगामात प्रवेशशुल्क घेणे, वाहनतळ सांभाळणे, फुलांची माहिती सांगणे ही कामे करतात. दिवसाला तीन हजार पर्यटकांची मर्यादा घालण्यात आली आणि आगाऊ ऑनलाइन नोंदणीची पद्धत आली. आयत्या वेळी पोहोचणाऱ्यास फाटकावरून परतावे लागू शकते आणि त्याबद्दल समितीच्या मुलांशी हुज्जत घालण्यात काहीही अर्थ नसतो.

खरा वाद कुंपणाचा झाला. गर्दी आवरण्यासाठी पठाराच्या मोठ्या भागाला तारेचे कुंपण घालण्यात आले, तेव्हा शहरातल्या निसर्गप्रेमींना हायसे वाटले. काही वर्षांनी स्थानिक मंडळी सांगू लागली की, कुंपणाच्या आत गवत माजले आहे आणि फुले कमी झाली आहेत. पूर्वी गावची गुरे या सड्यावर चरत. ती उंच गवत खात, खुरांनी माती हलवत, शेणाने थोडे खत देत, त्यामुळे बुटक्या फुलझाडांना ऊन मिळे. गुरे आणि माणसे यांना एकाच तारेने अडविले की फुलांचे भले होईलच असे नाही, हा मुद्दा हळूहळू अभ्यासकांनीही मांडला. अखेर कुंपण हटविण्यात आले. चराई किती, कोणत्या महिन्यात आणि कोठे असावी, याचे उत्तर अजून पूर्णपणे हाती आलेले नाही. पण हा सडा जसा आहे तसा घडण्यात गुराख्यांच्या पिढ्यांचाही वाटा आहे, हे तरी आता नाकारले जात नाही.

पठाराच्या पलीकडे कास तलाव आहे. ब्रिटिश अमदानीत बांधलेला हा तलाव सातारा शहराची तहान भागवतो आणि पाणी पंपाशिवाय, केवळ उताराने शहरात पोहोचते. अलीकडच्या काळात तलावाच्या बांधाची उंची वाढविण्यात आली. तलावकाठी सहलीला जाणाऱ्यांनी आपण पिण्याच्या पाण्याच्या काठावर बसलो आहोत, एवढे भान ठेवावे. तेथून पुढे भांबवलीचा वजराई धबधबा आहे. उरमोडी नदीचा उगम तोच. दक्षिणेकडे सज्जनगडाच्या वाटेवरून पुढे ठोसेघरचा धबधबा आणि त्याहून वर चाळकेवाडीचे पवनचक्क्यांचे पठार लागते. चाळकेवाडीचा सडा कासचाच भाऊबंद, फक्त त्याच्या वाट्याला जागतिक वारसा न येता पवनचक्क्या आल्या.

महाबळेश्वर व पाचगणी

महाबळेश्वराची माहिती देणारी पुस्तके पुष्कळ आहेत, त्यामुळे येथे थोडक्यात लिहितो. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८ मध्ये येथे गिरिस्थान वसविण्यास चालना दिली, पुढच्याच वर्षी साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी करार होऊन जागा कंपनीकडे आली आणि वसाहतीला माल्कम पेठ असे नाव पडले. त्याआधी १८२४ मध्ये जनरल लॉडविक हे कड्यापर्यंत पोहोचले होते, म्हणून त्यांच्या नावाचा पॉइंट. वेण्णा तलाव मात्र छत्रपतींचा आहे. १८४२ मध्ये साताऱ्याचे शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज यांनी तो बांधविला. नौकाविहार करणाऱ्या हजारो कुटुंबांपैकी किती जणांना हे ठाऊक असते, कोण जाणे. आणखी एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात येथे चिनी व मलायी कैद्यांचा तुरुंग होता, आणि पॉइंटांकडे जाणाऱ्या रम्य रस्त्यांपैकी कितीतरी त्या कैद्यांच्या श्रमांतून झाले. भाजीपाल्याची बागाईतही त्यांनीच वाढविली.

पॉइंट पाहण्याची घाई बाजूला ठेवली तर महाबळेश्वराचे जंगल चालत पाहण्याजोगे आहे. जांभूळ, हिरडा, गेळा, अंजन यांची वाऱ्याने खुजी झालेली झाडे, त्यांच्या फांद्यांवर शेवाळ आणि ऑर्किड, आणि शांत राहिल्यास शेकरूचे दर्शन. पहाटे विल्सन पॉइंट (१,४३९ मीटर) हे जिल्ह्यातील गिरिस्थानाचे सर्वोच्च ठिकाण गाठावे. क्षेत्र महाबळेश्वरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम मानला जातो. त्यांतील सावित्री कोकणात उतरून अरबी समुद्रास मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराकडे जाते.

पाचगणी जॉन चेसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वसविली. रस्त्यालगतचे सिल्व्हर ओक त्या काळातल्या परदेशी लागवडीची आठवण देतात. गावाच्या माथ्यावरचे टेबललँड म्हणजे पुन्हा तोच जांभ्याचा सडा आहे. कासला फुलांमुळे जे कौतुक मिळाले ते टेबललँडला कधीच मिळाले नाही, कारण ते गावाच्या अगदी डोक्यावर पडले. घोडे, टांगे, चित्रीकरण आणि खाद्यपदार्थांच्या गाड्या यांनी त्याची माती सुटी केली. घोडेवाल्यांच्या संसाराचा प्रश्न खरा आहे आणि पठाराच्या झिजेचाही. या दोहोंत तोल साधणारी व्यवस्था आजवर टिकलेली नाही. केंद्र सरकारने जानेवारी २००१ मध्ये महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केला. बांधकामांवरचे निर्बंध त्यातूनच आले आणि ते मोडण्याच्या कथाही. पाचगणी-महाबळेश्वर मार्गाजवळचे भिलार २०१७ पासून 'पुस्तकांचे गाव' म्हणून ओळखले जाते. पावसाने अडविलेल्या पर्यटकाला स्ट्रॉबेरीच्या शेताशेजारी, एखाद्याच्या ओसरीवर बसून पुस्तक वाचण्यासारखी दुसरी करमणूक नाही.

शिवसागर आणि कोयना अभयारण्य

जिल्ह्याचे सर्वांत मोठे मोकळे क्षेत्र पाण्याचे आणि जंगलाचे आहे. कोयना धरणाचे बांधकाम १९५० च्या दशकात सुरू झाले आणि १९६० च्या दशकात पूर्ण झाले. त्याचा जलाशय म्हणजे शिवसागर. सुमारे १०५ टीएमसी क्षमतेचा हा जलाशय हेळवाकजवळच्या धरणापासून उत्तरेस तापोळ्यापर्यंत डोंगरांच्या बोळातून पसरला आहे. तापोळ्याला 'मिनी काश्मीर' म्हणण्याची पद्धत आहे. या दरीला काश्मीरच्या उसन्या नावाची गरज का पडावी, हे कळत नाही.

या निळ्या पाण्याखाली गावे आहेत. धरणग्रस्त कुटुंबांना रायगड, ठाणे, सांगली, सोलापूर अशा दूरच्या जिल्ह्यांत पाठविण्यात आले. राज्याचा पुनर्वसन कायदा १९७६ मध्ये आला, म्हणजे ही गावे उठल्यानंतर दीड दशकाने. अनेकांचे जमिनीचे हक्क पुढच्या पिढ्यांपर्यंत लोंबकळत राहिले आणि त्यासाठीची आंदोलने आजही होतात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त केले, सुमारे १८० माणसे दगावली. कोयनानगरचे नेहरू उद्यान पाहताना ही पार्श्वभूमी लक्षात असावी. धरणाच्या खालच्या अंगाला असलेली ही बाग जिल्ह्यातील मोजक्या 'रीतसर' उद्यानांपैकी एक असून पावसाळ्यात ओझर्डे धबधब्याला जाणाऱ्या सहली तेथे हमखास थांबतात.

१९८५ मध्ये जलाशयाभोवतीचे सुमारे ४२३ चौरस किलोमीटर क्षेत्र कोयना अभयारण्य म्हणून घोषित झाले. जी गावे पाण्यातून वाचली होती, त्यांच्यावर आता वन्यजीव कायद्याची बंधने आली. २०१० मध्ये कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याचा विस्तार सातारा, सांगली, कोल्हापूर व रत्नागिरी या चार जिल्ह्यांत आहे. गवा, सांबर, अस्वल, बिबट्या, रानकुत्री यांचे हे घर आहे. येथे जीपमधून वाघ दाखविणारी सफारी मिळेल या अपेक्षेने येऊ नये. सह्याद्रीचे जंगल दाट आणि उभ्या चढांचे असल्याने प्राणी दिसण्यापेक्षा त्यांच्या खुणाच अधिक दिसतात.

पायी जाणाऱ्यांसाठी या अभयारण्यातील मानबिंदू म्हणजे वासोटा, शिवकाळातले नाव व्याघ्रगड. बामणोलीत वनखात्याची परवानगी घ्यावी लागते. तेथून स्थानिक बोट क्लबच्या लाँचने सुमारे दीड तासात मेट इंदवलीच्या काठाला उतरता येते. काठावरच्या चौकीत सामानातील प्लास्टिकच्या वस्तू मोजल्या जातात, त्यासाठी अनामत घेतली जाते आणि परतताना तितक्याच वस्तू दाखविल्यावर ती परत मिळते. राज्यात इतरत्र फलकांवर लिहिलेल्या सूचना जे साधू शकल्या नाहीत ते या साध्या मोजणीने साधले आहे. पुढे दोन-अडीच तासांची घनदाट अरण्यातली चढण आहे. माथ्यावरून बाबुकडा आणि समोरचा नागेश्वरचा सुळका दिसतो. शिवकाळापासून हा गड कैदखाना म्हणून वापरला जाई. पेशवाईच्या अखेरच्या काळात ताई तेलीण हिने तो बापू गोखल्यांविरुद्ध काही महिने लढविला, आणि १८१८ मध्ये इंग्रजांनी तो घेतला तेव्हा त्यांचे दोन अधिकारी येथे बंदिवासात होते. गडावर मुक्कामास परवानगी नाही. अंधारापूर्वी काठावर परतणे बंधनकारक आहे. पावसाळ्यात मार्ग बंद असतो, आणि बंद असतानाही कोणी 'सोय' करून देत असल्यास ती नाकारावी.

जलाशयाच्या काठी मुनावळे येथे २०२४ मध्ये राज्याच्या पर्यटन विभागाने जलक्रीडा केंद्र सुरू केले. वेगवान नौकांचा आवाज आणि अभयारण्याची शांतता एकाच पाण्यावर कशी नांदणार, हा प्रश्न ते सुरू होतानाच उपस्थित झाला होता. काठावरच्या गावांना मात्र साठ वर्षांत प्रथमच रोजगाराचे काही दार उघडल्यासारखे वाटते, हेही नोंदवायला हवे.

शहरांची फिरण्याची ठिकाणे

सातारा शहराचे खरे उद्यान अजिंक्यतारा किल्ला आहे. रोज पहाटे शेकडो नागरिक त्याची चढण चढतात, मंगळाई देवीला हात जोडतात आणि कामावर जाण्याआधी खाली येतात. शाहू महाराजांचा राज्याभिषेक १७०८ मध्ये साताऱ्यातच झाला, हे त्यांतल्या बहुतेकांना सांगावे लागत नाही. किल्ल्याच्या बाजूलाच चार भिंती हे हुतात्मा स्मारक आहे. ते १८३० च्या सुमारास राजघराण्यातील स्त्रियांना दसऱ्याची मिरवणूक पाहता यावी म्हणून बांधले गेले होते. संध्याकाळी राजवाड्यासमोरील गांधी मैदानावर खाद्यपदार्थांच्या गाड्या आणि कुटुंबांची गर्दी असते. २०१२ पासून दरवर्षी होणाऱ्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनने यवतेश्वरचा घाट देशभरातील धावपटूंना माहीत करून दिला. पहाटे त्या घाटात सराव करणाऱ्यांची संख्या त्यानंतर लक्षणीय वाढली.

कराडचे प्रीतिसंगम उद्यान वेगळ्या तऱ्हेचे आहे. कृष्णा आणि कोयना येथे समोरासमोर येऊन भेटतात आणि एकत्र होऊन काटकोनात पूर्वेस वळतात. नद्यांचा असा संगम दुर्मीळ मानला जातो. काठावर यशवंतराव चव्हाण यांची समाधी आहे आणि तिच्याभोवती बाग. २५ नोव्हेंबरला, त्यांच्या पुण्यतिथीस, सर्व पक्षांचे नेते येथे येतात. एरवीच्या दिवशी शाळकरी मुले, निवृत्त शिक्षक आणि उसाच्या हंगामातले मजूर एकाच बाकावर दिसतात. वाईच्या घाटांचे आणि मेणवलीच्या वाड्याचे नाव चित्रपटांमुळे झाले असले तरी ते आजही गावकऱ्यांच्या रोजच्या वापरातले घाट आहेत. चित्रीकरण चालू नसताना जावे.

पूर्वेकडच्या तालुक्यांत मायणी तलाव हे पक्षी पाहण्याचे ठिकाण. हिवाळ्यात येथे रोहित येतात, पण तलावात पाणी असेल तर. दुष्काळी वर्षात ते फिरकत नाहीत.

नवे महाबळेश्वर

जिल्ह्याच्या मोकळ्या जागांचे पुढे काय होणार, हा प्रश्न सध्या 'नवीन महाबळेश्वर' प्रकल्पात एकवटला आहे. कोयना जलाशयाच्या परिसरातील सातारा, जावळी, पाटण व महाबळेश्वर तालुक्यांची २३५ गावे आणि सुमारे ११५३ चौरस किलोमीटर क्षेत्र या आराखड्यात येते. महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली असून २०२४ मध्ये प्रारूप आराखडा प्रसिद्ध करण्यात आला. त्यावर मोठ्या संख्येने हरकती आल्या. रस्ते, दवाखाने, शाळा हवीत म्हणून आराखड्याचे स्वागत करणारे गावकरी आहेत, आणि आपल्याच सड्यावर उद्या आपल्याला पहारेकरी म्हणून उभे राहावे लागेल अशी धास्ती घेतलेले गावकरीही आहेत. बाहेरच्या गुंतवणूकदारांनी या पट्ट्यात जमिनी घेण्याचा वेग आराखड्याआधीच वाढला होता.

कासच्या वाटेवर आजही काही ठिकाणी सड्याच्या कडेने गावची पायवाट जाते, जिला सातबाऱ्यावर नाव नाही. जमीन मोजणीचे दगड अशा वाटांच्या दोन्ही अंगांना आले आहेत. पर्यटकांनी त्या वाटेने जाताना गावात विचारूनच जावे. बहुतेक वेळा कोणीतरी थोडे अंतर सोबत येते आणि पाणी कोठे मिळेल तेही सांगते.